दोन सायकली आणि एक गोल सावली

ही गोष्ट १९९७ सालची. साल चुकायचा प्रश्नच नाही. त्या जानेवारीत आमचे हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले आणि फेब्रुवारी संपेपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना नंबर घातले. हळद सात, मोहरी आठ, जिरं आठ-अ. मार्चमध्ये एके दिवशी मी फोडणी देत होते, तर पाठीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मोहरी आधी की जिरं आधी, याचा ह्या घरात काही लेखी नियम हाय का?"

त्याच क्षणी मी ठरवलं, ह्या माणसाला घराबाहेर काढायचं. माझ्यासकट.

यांचं नाव सोमशेखर. आमच्या वयाच्या बायका नाव घेत नाहीत, लिहितानाही हात जरा अडतो, पण वाचणाऱ्याला कळायला हवं म्हणून एकदा लिहिलं. यापुढे ‘हे’. मी निर्मला. माहेर कोडोलीचं, सासर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत. आम्ही लिंगायत. बाळ जन्मलं की जंगमस्वामी येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात, आणि ते मातीत जाईपर्यंत अंगावरून उतरत नाही. सकाळी आंघोळ झाली की हे ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचे, मग परत चांदीच्या डबीत ठेवून गळ्यात. त्या डबीला आम्ही करडगी म्हणतो. आमच्या घरात कोण कोणाचं ऐकत नसे, पण करडगी उघडी असली की सगळे गप्प.

तर जूनमध्ये शेजारच्या केरबाभाऊजींनी वर्तमानपत्राचं एक कात्रण आणून दिलं. गावातलं एक प्रौढ सायकल मंडळ सात डिसेंबरला कोल्हापूरहून कूडलसंगमला निघणार होतं. पाच दिवसांची सहल. ज्यांचं वय पन्नासच्या पुढे त्यांना प्राधान्य.

कूडलसंगम म्हणजे आम्हा लोकांचं मोठं ठिकाण, कृष्णा आणि मलप्रभेच्या संगमावरचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हे म्हणाले होते, "तुला एकदा सायकलवरनं संगमाला नेतो." त्यानंतर एकतीस वर्षांत त्यांनी मला सायकलवरून रंकाळ्याला नेलं, तेही कॅरिअरवर बसवून, आणि परतताना "जरा उतर, चढ हाय" म्हणून निम्मी वाट चालवलं.

"जाऊया," मी म्हणाले.

"जाऊया की. तू कॅरिअरवर बस."

"मी माझ्या सायकलवर येणार."

हे वर्तमानपत्राच्या मागून बाहेर आले. "तुला सायकल येतीय?"

"येत नाही. येईल."

खरं सांगायचं तर हा हट्ट लहानपणचा. कोडोलीला दवाखान्यातली एक नर्सबाई सायकलवरून जायची. पांढरी साडी, पाठ ताठ, आणि सगळी गुरं बाजूला. मी अप्पांना म्हणजे वडिलांना म्हटलं, मला तशी सायकल हवी. अप्पा म्हणाले, "लगनात देतो बघ." लग्न झालं. सायकल आली नाही. ऊस त्या वर्षी बेताचा होता, अप्पा विसरले असतील, असं मी मनाला समजावलं. पण दर उन्हाळ्यात माहेरी गेले की अप्पा माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत, काहीतरी विचारावं आणि विचारू नये अशा. मला वाटे, लाजले असतील. मीही कधी विषय काढला नाही. आपल्या माणसाला कशाला लाजवायचं?

असो. केरबाभाऊजी कांबळे हे रिटायर पोस्टमन. बत्तीस वर्षं सायकल चालवलेला माणूस. त्यांनी मला एक जुनी सायकल मिळवून दिली आणि शिकवायचं पत्करलं. जागा गांधी मैदान, वेळ पहाटेची, म्हणजे बघायला कोणी नको. पहिल्या दिवशी बघायला अकरा माणसं होती. त्यात माझे हे. हातात तांब्याभर पाणी आणि हळदीची पूड.

केरबाभाऊजींची शिकवायची पद्धत त्यांच्या धंद्यातून आलेली. "वैनी, पत्त्याकडं बघा, हँडलाकडं न्हाय. पोस्टमन हातातल्या पत्राकडं बघत चालला तर सरळ गटारात जातोय."

मी पत्त्याकडे बघितलं आणि सरळ गटारात गेले.

साडीचा घोळ साखळीत अडकायचा, म्हणून आमच्या वर्षाराणीचा, म्हणजे लेकीचा, एक जुना पंजाबी ड्रेस घातला. ती लग्न होऊन धारवाडला गेलेली, ड्रेस कपाटात पडून होता. गल्लीतून जाताना केरबाभाऊजींच्या मीनाबाई दारात भांडी घासत होत्या. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं.

"लेकीचा व्हय? तरीच लेकीवानी दिसाय लागलाय वैनी."

मी सुखावले.

"पाठीमागनं," त्या म्हणाल्या आणि पातेलं उपडं केलं.

ऑगस्टपर्यंत मला सायकल चालवता येऊ लागली. थांबवता येत नव्हती. या दोन वेगळ्या विद्या आहेत हे मला गंगावेशीत कळलं. तिथे संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून ग्लास हातात देतात. मी पत्त्याकडे बघत होते, पत्ता होता पंचगंगेचा घाट, आणि मधे आकाराम गवळ्याची म्हैस. धडक काही मोठी नव्हती. मी म्हशीला मागून पुढचं चाक लावलं इतकंच. पण ती अशी काही हंबरली की लोकांच्या हातातले ग्लास हिंदकळले.

"ओ पावणं! ब्रेक हाय का न्हाय?" आकाराम ओरडला. मग मी बाई आहे हे बघून आवाज चढवला. "आता ही आठ दिवस दूध चोरंल! भ्याली म्हंजी सोडतीय व्हय ती?"

मी नुकसान विचारलं. तो म्हणाला, "पैशानं म्हशीचं भ्या जातंय व्हय? तुम्ही रोज येत जावा. बिनसायकलीच्या. तिच्यापुढं उभं ऱ्हावा. तिला कळू दे, बाई बरी हाय."

बी.ए. पहिल्या वर्षापर्यंत शिकलेली, महिला मंडळाची दोन वेळा उपाध्यक्ष झालेली मी, सलग चार संध्याकाळी एका म्हशीपुढे चांगली बाई म्हणून उभी राहिले. पाचव्या दिवशी तिने दूध सोडलं. आकारामने पहिला ग्लास मला दिला. माझ्या आयुष्यात मिळालेल्या प्रमाणपत्रांत मी त्याला वरचा नंबर देते.

पुढचं प्रमाणपत्र मात्र इतकं सरळ नव्हतं. मंडळाचा फॉर्म आला. मंडळाचे सेक्रेटरी सयाजीराव म्हणजे शिस्तीचे गृहस्थ. फॉर्मवर कलम चार: महिला सभासदांनी पतीचे संमतीपत्र जोडावे. कलम सहा: पंचावन्नच्या वरच्यांनी छातीच्या एक्स-रेसह डॉक्टरचा फिटनेस दाखला जोडावा.

मी सयाजीरावांच्या घरी गेले. "भाऊ, माझ्यासाठी यांचं संमतीपत्र. मग यांच्यासाठी माझं?"

"तसा छापील नमुना न्हाय वैनी."

"मी हाताने लिहून देते."

"त्याला कलम न्हाय." त्यांनी चष्मा काढला. "आन कलम नसताना कागद घेतला तर फायलीत लावायचा कुठं?"

तरी मी लिहिलंच. दोन ओळींत. सोमशेखर यांना सहलीस जाण्यास माझी संमती आहे, सही. माझ्यासाठी यांनी लिहिलेल्या संमतीपत्राला तीन दिवस लागले. वर ‘विषय’, खाली ‘संदर्भ’, आणि मग, "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर महिला माझी पत्नी असून तिच्या सायकल चालविण्यास, तिच्या स्वतःच्या जबाबदारीवर व वाटेतील जनावरांच्या सुरक्षिततेच्या अधीन राहून, माझी हरकत नाही." जनावरांच्या सुरक्षिततेवरून आमच्यात दोन दिवस अबोला होता.

मी बावन्न वर्षांची, म्हणून एक्स-रेतून सुटले. हे अठ्ठावन्न. नोव्हेंबरच्या मध्यावर एक्स-रे काढायला गेलो. आतल्या माणसाने खिडकीतून विचारलं, "अंगावर चांदी-सोनं, धातू काही असंल तर काढून बाईंच्याकडं द्या. बंडी ऱ्हाऊ दे." यांनी अंगठी, घड्याळ, चाव्यांचा जुडगा आणि गळ्यातली करडगी काढून माझ्या हातात दिली. करडगी हाताला हलकी लागली, पण तेवढ्यात चाव्या खाली पडल्या आणि मी त्या वेचायला वाकले. आतून आवाज आला, "आता अंगावर काही न्हाय ना?" आणि हे ठासून म्हणाले, "काही न्हाय." मग एक खट्ट असा आवाज, झालं. बाहेर आले, दरवाज्याआड तोंड फिरवून करडगी गळ्यात घातली, आणि आम्ही येताना भेळ खाल्ली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. छातीच्या डाव्या बाजूला एक गोल सावली होती. चांगली बोराएवढी. अगदी गोल, कंपासने काढल्यासारखी.

"खोकला?"

"न्हाय."

"वजन कमी झालंय?"

"वाढलंय," मी म्हणाले.

"काही असेल, काही नसेलही," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांनी असं म्हटलं की माणसाला ‘काही असेल’ तेवढंच ऐकू येतं. "मिरजेला मोठ्या दवाखान्यात दाखवा. तोवर सायकल बंद. दाखला मी देऊ शकत नाही."

मिरजेची तारीख मिळाली आठ डिसेंबर. सहल सात डिसेंबरला. मधे तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांत मी किती चालले असेन याचा हिशेब नाही. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जायचं ते आठवत नसे. डबा क्रमांक सात उघडायची आणि बंद करायची. हे खिडकीशी बसून राहत. डब्यांना नंबर घालणं थांबलं. मला तेच सगळ्यात भीतीदायक वाटलं.

घरात मात्र जत्रा. कोल्हापुरात बातमी सांगावी लागत नाही, ती दुधाबरोबर घरोघर जाते. जो येई तो एक्स-रे मागे आणि खिडकीत धरून बघे. एखादा हापूस आंबा बघावा तसा. मीनाबाई म्हणाल्या, "गुळाच्या रव्यागत दिसतंय की वो, अगदी बारकी ढेप." आकाराम गवळी घरी आला, सायकल दिसल्यावर जरा बिचकला, मग म्हणाला, "धारोष्ण दूध. सकाळ-संध्याकाळ. सावली-बिवली काय ऱ्हात न्हाय, उजेड पडतोय आत." सयाजीराव आले ते फॉर्मच घेऊन. "दाखला न्हाय म्हंजे नाव कमी करावं लागणार. वाईट वाटतंय, पण कलम हाय." जाताना त्यांनी माझं हाताने लिहिलेलं संमतीपत्रही परत दिलं. कुठल्याच फायलीत बसेना म्हणे.

आणि मग यांना कबुल्या द्यायची हुक्की आली.

माणूस घाबरला की देवाला नवस बोलतो. आमचे हे सरकारी नोकर, त्यांनी निरवानिरव सुरू केली. पहिल्या दिवशी सांगितलं की तंबाखू सोडली म्हणून बारा वर्षं मला फसवलं, ऑफिसात रोज खात होते. मी म्हटलं, "असू दे." दुसऱ्या दिवशी सांगितलं की वर्षाराणीच्या बारशात माझ्या मावशीचं पेढ्यांचं ताट यांनीच संपवलं होतं आणि आळ दिरांवर गेला. मी म्हटलं, "असू दे." माझ्या ‘असू दे’मुळे त्यांना धीर आला असावा. तिसऱ्या दिवशी दुपारी, मी शेंगदाणे निवडत होते, तेव्हा म्हणाले,

"निर्मला, तुझ्या अप्पांनी सायकल पाठवलीती."

माझा हात सुपात थांबला.

"आपलं लगीन झाल्यावर म्हयन्यानं. लेडीज सायकल. नवी. कोडोलीहून बैलगाडीत घालून. तू विहिरीवर गेलतीस. अव्वा म्हणाली, आमच्या घरातली सून सायकलवर फिरणार व्हय, गाव हसंल. तिनं गाडी तशीच परत पाठवली. मी उंबऱ्यात उभा होतो."

"आणि तुम्ही सासूबाईंना काय म्हणालात?"

"काय न्हाय," हे म्हणाले. "तेच तर सांगतोय. काय न्हाय म्हणालो."

एकतीस वर्षं. एकतीस वर्षं मी अप्पांना विसरभोळे समजले. ते गेले तेव्हाही मनाच्या कोपऱ्यात एक बारीकसा सल होता, की बाकी सगळं दिलंत, एक सायकल तेवढी दिली नाहीत. आणि अप्पांना वाटलं असणार, पोरीनेच परत पाठवली. ते उन्हाळ्यातलं बघणं मला तेव्हा कळलं.

मी उठले. मला ओरडायचं होतं. सूप भिंतीवर आपटायचं होतं. मी वळून यांच्याकडे बघितलं, बंडीत बसलेला माणूस, मांडीवर हात, आणि हाताखाली तो पिवळ्या पाकिटातला एक्स-रे.

छातीत सावली असलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

"असू दे," मी म्हणाले. ते दोन शब्द मला किती जड गेले ते मला ठाऊक. रात्रंदिवस मी प्रार्थना करत होते की हे बरे होऊ देत. पण आता त्या प्रार्थनेत थोडी भेसळ झाली होती. हे बरे होऊ देत, म्हणजे मला यांच्याशी भांडता येईल.

कोडोलीहून माझा धाकटा भाऊ बाळाप्पा बघायला आला. त्याला मी पडवीत गाठलं. "सायकल परत आली होती का रे?"

त्याने मान खाली घातली. पंचेचाळीस वर्षांचा, दोन गुऱ्हाळांचा मालक, पण एकदम चौदा वर्षांचा झाला. "आलती अक्का. अप्पांनी आठ दिवस सोप्यात ठिवलीती, कुणाला हात लावू देत नव्हते. मग मला म्हणाले, तू चालीव. मी कॉलिजला तीच घेऊन गेलो. पोरं लेडीज म्हणून चिडवायची."

"आता कुठे आहे?"

"सांगाडा भंगारात गेला. घंटी हाय, गुऱ्हाळात. गुळव्याला चहाला बोलवायला वाजवतोय."

सात डिसेंबरला सकाळी मंडळाची माणसं आमच्या रस्त्यावरूनच गेली. मुद्दाम गेली असं मला अजून वाटतं. पुढे सयाजीराव, पांढरी टोपी, शिट्टी. पंधरा-वीस सायकली. आम्ही दोघं गॅलरीत. यांनी हात हलवला. मी हलवला नाही. केरबाभाऊजी खाली उभे होते, त्यांचाही दाखला आला होता, पण ते गेले नाहीत. "टपाल टाकून पोस्टमन म्होरं जात न्हाय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मिरज. तिथल्या एक्स-रे विभागात केरबाभाऊजींचा नागसेन नोकरीला होता. आमच्या डोळ्यांदेखत वाढलेला. शाळेत असताना आमच्या सोप्यात अभ्यासाला बसायचा, कारण त्यांच्या घरी रेडिओ आणि आमच्या घरी शांतता. त्याने फिल्म बघितली. आणखी एक काढू म्हणाला. "काका, अंगावर चांदी-बिंदी असली तर द्या काकूंच्याकडं."

यांनी पाठ फिरवली, गळ्याशी काहीतरी खटपट केली, आणि करडगी माझ्या हातात दिली. हलकी. या वेळी चाव्या पडल्या नाहीत. मी तशीच ती हलवून बघितली.

करडगी वाजली नाही.

"काका," नागसेन म्हणाला. तो माझ्या हाताकडे बघत होता. "लिंग कुठाय?"

"हाय की जाग्यावर."

"जाग्यावर म्हंजे कुठं?"

यांनी बंडीच्या आतल्या खिशावर हात ठेवला. डाव्या बाजूला. छातीवर.

नागसेन स्टुलावर बसला. मग त्याने भिंतीला हात लावला. मला वाटलं, पोराला चक्कर आली. तो हसत होता. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "काका, त्या कोल्हापूरच्या माणसानं विचारलं नव्हतं, अंगावर काय हाय का म्हणून?"

"विचारलंतं."

"मग?"

"अंगावर काय असल्यावर सांगणार न्हवं?" हे रागाने म्हणाले. "धातू काढा म्हणाला, करडगी काढली. देव काय वस्तू हाय व्हय अंगावरली? जल्मल्यापास्नं हाय ते. तू उद्या विचारशील अंगावर कान हाय का!"

आणि मग ते थांबले. त्यांचा हात तिथेच खिशावर होता. ते हळूच पुटपुटले, "बोराएवढं."

नागसेनने त्यांना लिंग उतरवायला सांगितलं नाही. उतरवलं नसतंच. तो म्हणाला, "डाव्या मुठीत धरा काका, आन मूठ कंबरंवर. देवाला धरूनच ऱ्हावा, फक्त जरा बाजूला." खट्ट. दहा मिनिटांनी ओली फिल्म बाहेर आली. मोठ्या डॉक्टरांनी बघितली. दोन्ही बाजू स्वच्छ. नुसत्या बरगड्या.

मी देवाचे आभार मानले, नागसेनच्या पाठीवरून हात फिरवला, यांना घेऊन दवाखान्याच्या आवारात आले, कडुनिंबाखाली उभी राहिले, आणि भांडायला सुरुवात केली.

एकतीस वर्षांचं भांडण होतं, वेळ लागला. अव्वांपासून सुरू केलं, उंबऱ्यापर्यंत आले, तंबाखू वाटेत घेतली, पेढ्यांचं ताटही सोडलं नाही. पेशंटचे नातेवाईक डबे घेऊन भोवती उभे राहिले. एक बाई दुसरीला म्हणाली, "मालक दगावला वाटतं." दुसरी म्हणाली, "न्हाय, वाचलाय." हे मान खाली घालून ऐकत होते. मी थांबले तेव्हा घसा बसला होता.

"झालं?" यांनी विचारलं.

"अप्पांचं राहिलं," मी म्हणाले, आणि तेवढ्यावर मात्र मला रडू आलं.

त्यांनी पिवळं पाकीट काखेत धरलं. मग म्हणाले, "गुरुवारी निघायचं?"

"कुठे?"

"संगमाला. तुझी संमती असंल तर."

संमतीपत्र माझ्या पर्समध्येच होतं, सयाजीरावांनी परत केलेलं. मी ते काढलं, नागसेनकडून पेन मागून आणलं आणि दोन ओळींखाली तिसरी लिहिली: सदर इसमाने चढावर उतरून चालावे. पत्नीने नव्हे.

गुरुवारी निघालो. मंडळ तोवर पोचून परतीला लागलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी बाळाप्पाने घंटी आणून दिली, गुळाने चिकट झालेली. केरबाभाऊजींनी ती रॉकेलने धुऊन माझ्या सायकलला बसवली. पहिला मुक्काम नृसिंहवाडी. मग कुरुंदवाड, मग सगळं कन्नड बोलणारं रान. मंडळाला जे अंतर जायला अडीच दिवस लागले त्याला आम्हाला सात लागले. प्रत्येक चढावर हे उतरून चालले. मी पुढे जाऊन थांबायची आणि घंटी वाजवायची. पहिल्याच दिवशी, नृसिंहवाडीच्या अलीकडे, सयाजीरावांची टोळी समोरून येताना भेटली होती. त्यांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, "दाखला मिळाला?" यांनी बंडीच्या खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, "मिळाला. खणखणीत."

संगमावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पाण्याच्या काठावर बसून यांनी लिंग तळहातावर घेतलं. नेहमी अर्ध्या तासात पूजा उरकायचे. त्या दिवशी बराच वेळ नुसतं बघत बसले. मी काही बोलले नाही. करडगी उघडी होती.

आता कोणाचं काय झालं ते सांगते आणि आवरते. सयाजीरावांनी पुढच्या वर्षी फॉर्ममधलं कलम चार काढून टाकलं. माझ्यामुळे नाही, त्यांच्या सुनेने सायकल घेतली म्हणून. आकारामची ती म्हैस पुढे बरीच वर्षं दूध देत होती, सायकल दिसली की मात्र मान फिरवायची. मीनाबाई आहेत, अजून पाठीमागूनच कौतुक करतात. केरबाभाऊजी दोन हजार चार साली गेले. त्यांची सायकल मीनाबाईंनी विकली नाही, तिच्यावर तोंडल्याचा वेल चढवलाय. नागसेन त्या विभागाचा मुख्य झाला. नव्या पोरांना तो शिकवतो, पेशंटला अंगावर काय आहे असं विचारू नका, देव आहे का असं विचारा. बाळाप्पा गुळव्याला चहाला आता मोबाईलवरून बोलावतो. वर्षाराणीची रक्षिता, माझी नात, तिने दोन हजार दहाच्या ग्रहणात तो पहिला एक्स-रे डोळ्यापुढे धरून सूर्य बघितला. डॉक्टर म्हणतात तसं बघू नये, पण ती बघून ओरडली, "आज्जी, आजोबांच्या लिंगानं सूर्य झाकला!" हे केवढे खूश झाले होते.

हे दोन हजार सोळाला गेले. झोपेत, छातीचं काहीही नव्हतं. आमच्यात पुरतात, आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. स्वामींनी मूठ मिटवली तेव्हा मला नागसेनचे शब्द आठवले, धरूनच राहा, फक्त जरा बाजूला. मग त्यांनी रिकामी करडगी माझ्या हातात दिली.

ती देवघरात असते. माझी सायकल खाली जिन्याखाली असते. गुडघे आता साथ देत नाहीत, पण जाता-येता मी अप्पांची घंटी एकदा वाजवते. ती वाजते. मग वर येऊन करडगी हातात घेते आणि उगाच हलवून बघते.